पिशवी काढल्यावर लघवी गळते, हा अशक्तपणा नव्हे

प्रश्न: नमस्कार डॉक्टर ताई. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लिहिते. पत्र माझ्यासाठी नाही, माझ्या मोठ्या जाऊबाईंसाठी आहे. त्यांचं वय ३६, दोन्ही लेकरं सिझरची. अंगावरून फार जायचं म्हणून तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात त्यांची गर्भपिशवी काढली. त्याला आता पाच आठवडे झाले. ऑपरेशननंतर नवव्या-दहाव्या दिवशी लघवी आपोआप गळायला लागली. आता दिवसरात्र कपडा ओला असतो. पण बाथरूमला गेल्या की लघवी नेहमीसारखी होतेसुद्धा. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, ताकद आली की थांबेल. गोळ्या दिल्या. दुसऱ्यांदा गेलो तर म्हणाले, एखादा टाका सैल झाला असेल, परत भरती करा, पैसे न घेता टाका मारून देतो. सासूबाई म्हणतात, "पिशवी काढली का बाईचं असंच होते." त्यांनी जाऊबाईंना चुलीपाशी आणि देवापाशी यायची मनाई केली आहे. त्या ओसरीवर पोतं टाकून झोपतात. पाणी पीत नाहीत, कमी प्यालं की कमी गळते म्हणतात. डाव्या कुशीत दुखते म्हणतात, पण लवकर कामाला लागल्या म्हणून ते असेल. बचत गटात येणं बंद केलं. परवा मला म्हणाल्या, "असं जगण्यापेक्षा फवारणीचं औषध बरं." भासरे वाईट नाहीत, पण म्हणतात कापूस घरात आला की नागपूरला नेऊ. भासऱ्यांशी मी या विषयावर बोलू कशी? हे बरं होते का, की आता जन्मभर असंच?

– धाकटी जाऊ

उत्तर: बेटा, तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते. हे बरं होतं. जाऊबाई पुन्हा कोरड्या कपड्यात झोपतील, चुलीपाशी बसतील, बचत गटात येतील. पण तुझ्या पत्रातल्या दोन ओळी अशा आहेत की त्यांच्यासाठी कापूस घरात येण्याची वाट पाहता येणार नाही. एक, डाव्या कुशीतलं दुखणं. दुसरी, फवारणीच्या औषधाची. दुसरीपासून सुरू करते, कारण ते काम आज रात्रीचं आहे.

बाई असं बोलली की घरातले म्हणतात, वैतागून बोलली असेल. मी तसं म्हणणार नाही. चोवीस तास अंगाला वास, ओला कपडा, घरात वेगळं अंथरूण, आणि कुणी काही स्पष्ट सांगत नाही. अशा अवस्थेत मन खचतं आणि हे बोलणं त्यातूनच येतं. घरातली फवारणीची औषधं, उंदराचं औषध, जे काही असेल ते आजच कुलपात घाला आणि किल्ली तुझ्या नवऱ्याकडे राहू दे. जाऊबाईंना ओसरीवर एकटं झोपू देऊ नकोस, तूच त्यांच्याशेजारी अंथरूण टाक. आणि सरळ विचार, "जाऊबाई, जीव द्यायचा विचार मनात येतो का?" विचारल्यामुळे कुणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून बाई बोलती होते. त्या हो म्हणाल्या, तर एक मिनिटही एकटं सोडू नका आणि १४४१६ वर फोन लावा. ती सरकारची टेली मानस सेवा आहे, दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. आणि त्यांना माझं वाक्य वाचून दाखव: हा आजार दुरुस्त होणारा आहे.

आता आजाराबद्दल. गर्भपिशवीच्या पुढच्या अंगाला, तिला अगदी चिकटून, लघवीची पिशवी असते. गर्भपिशवी काढायची तर लघवीची पिशवी तिच्यापासून सोडवून खाली सरकवावी लागते. सिझर झालेलं असलं की ही जागा जुन्या व्रणामुळे घट्ट चिकटलेली असते, आणि जाऊबाईंची तर दोन सिझर. शिवाय दोन्ही किडन्यांपासून लघवी खाली आणणाऱ्या दोन बारीक नळ्या गर्भपिशवीच्या तोंडापासून दीड-दोन सेंटिमीटरवरूनच जातात, तेही ऑपरेशनमध्ये जी मोठी रक्तवाहिनी बांधावी लागते तिच्या खालून. इतक्या अरुंद जागेत कधी लघवीच्या पिशवीला कात्री लागते, कधी टाक्यात तिचा पडदा किंवा नळी अडकते, कधी रक्त थांबवायच्या विजेच्या यंत्राची धग पोचते. इजा तिथल्या तिथे दिसली तर लगेच शिवतात आणि बहुतेक वेळा पुढे काही त्रास होत नाही. न दिसलेली इजा मात्र घात करते. अडकलेला किंवा भाजलेला भाग हळूहळू मरतो, आठवड्या-दोन आठवड्यांनी गळून पडतो, तिथे भोक पडतं आणि लघवी योनिमार्गातून वाहू लागते. तू लिहिलेला नववा-दहावा दिवस म्हणूनच मला बोलका वाटला. याला डॉक्टर फिस्टुला म्हणतात.

अशक्तपणाने लघवी जाते ती वेगळी. खोकलं, शिंकलं, पाण्याचा हंडा उचलला की थोडी निसटते. तिला व्यायामाचा उपयोग होतो. पण काही न करता, पडल्या पडल्या, झोपेतसुद्धा कपडा भिजत असेल, आणि तेही ऑपरेशननंतर नव्याने सुरू झालं असेल, तर तिथे भोक आहे असंच धरून तपासायला हवं. ताकदीच्या गोळ्यांनी भोक बुजत नाही. त्या गोळ्यांत इतके दिवस गेले याचं मला खरोखर वाईट वाटतं.

तू लिहिलंस, गळतंही आणि नेहमीसारखी लघवी होतेही. हे वाक्य फार महत्त्वाचं आहे, ते नागपूरच्या डॉक्टरांना जसंच्या तसं सांग. शेतातलं बघ: दोन विहिरींवरून दोन पाइपांनी पाणी एका टाकीत येतं. टाकीलाच मोठं भोक पडलं, तर टाकी भरत नाही आणि नळाला पाणी येत नाही. पण दोनपैकी एक पाइप मध्येच फुटला, तर दुसऱ्या पाइपाने टाकी भरत राहते, नळही चालतो, आणि फुटलेल्या पाइपाचं पाणी बाहेर वाहत राहतं. टाकी म्हणजे लघवीची पिशवी, पाइप म्हणजे किडनीची नळी. जाऊबाईंना लघवी होते, कपडाही ओला असतो, आणि दुखते ती डावी कूस. म्हणून माझा पहिला संशय डाव्या नळीवर आहे. लघवीच्या पिशवीचं भोक अगदी बारीक असेल तरी असं होऊ शकतं, आणि काही बायांमध्ये दोन्ही ठिकाणी इजा असते. ते तपासणीशिवाय कुणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही.

नळीची इजा असेल तर घाई का, ते समजून घे. इजा झालेली नळी त्या जागी आवळत जाते. वरून येणारी लघवी तुंबते, किडनी फुगते, आणि फार दिवस तसंच राहिलं तर ती किडनी कामातून जाते. हे सगळं फारसं न दुखता होऊ शकतं. कधी कधी तर गळणं आपोआप कमी होतं आणि घरातले म्हणतात, बघा, ताकद आली. प्रत्यक्षात नळी पूर्ण बंद होत असते. म्हणून उद्या गळणं कमी झालं तरी जाणं रद्द करू नका. आणि थंडी वाजून ताप आला, उलट्या सुरू झाल्या, कूस असह्य दुखू लागली किंवा लघवी एकदम कमी झाली, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात न्या. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

त्या डॉक्टरांनी फुकट टाका मारून देतो म्हटलंय. नको. हे मी रागाने सांगत नाही. फिस्टुलाच्या पहिल्या दुरुस्तीला यश येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. अनुभवी हाताने, नीट वेळ निवडून केली, तर पिशवी काढल्यानंतरच्या साध्या फिस्टुलात दहापैकी नऊ बाया पहिल्याच ऑपरेशनने कोरड्या होतात. चुकीच्या वेळी, भोक कुठे आहे हे न शोधता, घाईने टाके मारले की ते फाटतात, भोक मोठं होतं, भोवती व्रण होतो आणि पुढच्या सर्जनचं काम अवघड होतं. शिवाय नळी फुटली असेल तर खालून मारलेला टाका कशाला मारणार? पहिली दुरुस्ती वाया घालवायची नाही, एवढं घरात सगळ्यांना समजलं पाहिजे.

तर जायचं कुठे? यूरोलॉजी, म्हणजे लघवीच्या आजारांचा विभाग, आणि स्त्रीरोग विभाग दोन्ही असतील अशा ठिकाणी. नागपुरात मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजला, जोडलेलं सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल आहे, मिहानमध्ये एम्स आहे. तुम्हाला वर्धा जवळ पडत असेल तर सेवाग्रामचं कस्तुरबा आणि सावंगीचं मेघे हॉस्पिटल आहे. निघण्याआधी फोन करून विचार, यूरोलॉजिस्टची ओपीडी कोणत्या वारी असते, म्हणजे चक्कर फुकट जाणार नाही. सोबत ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड, आधीच्या सोनोग्राफीचे रिपोर्ट, रेशनकार्ड आणि आधार घ्या. काढलेली पिशवी तपासायला पाठवली होती का, तेही दवाखान्यातून विचारून घ्या. पाठवली असेल तर तो रिपोर्ट लागेल, कारण आत आणखी काही आजार निघाला तर उपचार बदलतात.

पैशाची काळजी भासरे बोलून दाखवत नसतील, पण कापसाचं नाव पुढे करण्यामागे तीच असावी. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचाराचं संरक्षण आहे, आणि आता पिवळं, केशरी, पांढरं, कोणतंही रेशनकार्ड चालतं. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचा टेबल असतो. केस पेपर काढला की आधी तिथे जायचं आणि "पिशवीच्या ऑपरेशननंतर लघवीचा फिस्टुला झालाय" असं सांगून कोणती दुरुस्ती योजनेत बसते ते लिहून घ्यायचं. एसटीत बायांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे.

एसटीत ओल्या कपड्याने बसायची लाज हेच जाऊबाईंचं न जाण्याचं खरं कारण असू शकतं. बाया खर्चाचं कारण सांगतात, कामाचं सांगतात, आणि मनात हे असतं. म्हणून आधीच तयारी कर. मोठ्यांसाठीचे डायपर औषधाच्या दुकानात मिळतात, प्रवासापुरते दोन-तीन घे. नसतील तर सुती धोतराच्या जाड घड्या आणि वरून प्लास्टिकचं अस्तर असलेली निकर. गडद रंगाचं लुगडं किंवा पंजाबी ड्रेस, पिशवीत दोन बदलायचे जोड, एक प्लास्टिकची थैली ओल्या कपड्यांसाठी. शेजारी तू बस.

तिथे काय होईल तेही सांगून ठेव, म्हणजे त्या घाबरणार नाहीत. आधी खालून तपासतील. तपासणारी डॉक्टर बाईच हवी, असं म्हणायचा त्यांना हक्क आहे. मग लघवीच्या पिशवीत नळीने निळं औषध भरतात आणि योनिमार्गात तीन कापसाचे बोळे ठेवतात. बोळा निळा झाला तर भोक लघवीच्या पिशवीला आहे. बोळा भिजला पण निळा झाला नाही, तर लघवी वरून, किडनीच्या नळीतून येते आहे. इतकी साधी तपासणी आहे ही, मोठं यंत्र लागत नाही, आणि गळणं सुरू झालं तेव्हाच तालुक्यालाही करता आली असती. त्यानंतर किडनीची सोनोग्राफी, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते त्यावरून कळतं), आणि बहुधा शिरेतून औषध देऊन सीटी स्कॅन करतील. त्यात नळ्यांचा पूर्ण रस्ता दिसतो. दुर्बिणीने लघवीची पिशवी आतून बघतात, तेव्हा भूल देतात.

नळीची इजा निघाली, तर दुर्बिणीतून नळीत एक बारीक लवचीक स्टेंट, म्हणजे पोकळ नळी, सरकवून बघतात. तो गेला तर काम सोपं झालं. लघवी स्टेंटमधून खाली उतरते, गळणं थांबतं आणि सहा-आठ आठवड्यांत नळी आतून भरून येऊ शकते. इथे एक गोष्ट घराच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहा: स्टेंट काढायची तारीख. बरं वाटलं म्हणून लोक परत जात नाहीत, स्टेंट आत राहून जातो, त्यावर खडे चढतात आणि नवीन दुखणं उभं राहतं. स्टेंट गेलाच नाही, तर ऑपरेशन करून ती नळी लघवीच्या पिशवीला नव्या जागी जोडतात. किडनी फार फुगली असेल तर त्याआधी पाठीतून किडनीत तात्पुरती नळी घालून तिला मोकळं करतात. ते ऐकायला भयंकर वाटतं, पण किडनी वाचवण्यासाठी असतं.

भोक लघवीच्या पिशवीला असेल तर घाई वेगळी. नवं आणि बारीक भोक असेल तर लघवीच्या वाटेने रबराची नळी चार-सहा आठवडे सतत ठेवून काही वेळा ते आपोआप भरतं. लवकर नळी ठेवली तर हे जास्त घडतं, उशीर झाला की कमी. नाही भरलं तर ऑपरेशन. बरेच सर्जन पहिल्या ऑपरेशननंतर तीन महिने थांबतात, म्हणजे सूज उतरते, जागा स्वच्छ आणि मऊ होते आणि टाके धरतात. जागा चांगली दिसली तर काही जण लवकरही करतात. म्हणजे "तीन महिन्यांनी या" असं सांगितलं, तर त्याचा अर्थ हाकलून दिलं असा घेऊ नका. पण का थांबायचं, तोवर नळी ठेवणार का, आणि किडनी ठीक आहे ना, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय उठू नका. सर्जनला असंही विचारा की अशी ऑपरेशनं ते नेहमी करतात का. चांगला सर्जन या प्रश्नाने रागावत नाही.

लघवीच्या पिशवीचं ऑपरेशन बऱ्याचदा खालूनच होतं, पोट फाडावं लागत नाही. भोक वर असेल किंवा अवघड असेल तर पोटातून किंवा दुर्बिणीने. नंतर दोन-तीन आठवडे लघवीची नळी असते, आणि खरी कसोटी त्या दिवसांतच असते. नळी कुठे दुमडली, लघवी जमा होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीच्या वजनाने ओढली गेली किंवा अडकली, की लघवी आत तुंबते आणि ताजे टाके ताणले जातात. दर तासा-दोन तासांनी पिशवीत लघवी येते आहे ना ते बघायचं, पाणी भरपूर द्यायचं, आणि नळी वाहायची थांबली तर रात्री दोन वाजता असलं तरी नर्सला उठवायचं. घरी आल्यावर तीन महिने नवरा-बायकोचा संबंध नाही, ओझं नाही, उसाचा भारा नाही की कापसाचं गाठोडं नाही. हे भासऱ्यांना डॉक्टरांनीच सांगावं, अशी विनंती ओपीडीतच करून ठेव.

नंबर लागेपर्यंत घरी काय करायचं, यात सगळ्यात पहिली गोष्ट पाण्याची. जाऊबाईंचं पाणी आजपासून सुरू कर. पाणी कमी प्यालं की लघवी घट्ट, पिवळी, जळजळीत होते. तिचा वास वाढतो, कातडी जास्त सोलते, जंतू वाढतात. गळणं मात्र थांबत नाही. दिवसाला दोन-अडीच लिटर तरी पोटात गेलं पाहिजे. उन्हाळ्यात आपल्याकडे जास्तच. लघवी पाण्यासारखी फिकट झाली की वास बराच कमी होतो, हे त्यांना दोन दिवसांत स्वतःलाच कळेल.

जागा साध्या कोमट पाण्याने धुवायची, घासायची नाही, सुती कपड्याने टिपायची आणि मग खोबरेल तेल किंवा व्हॅसलीनचा थर द्यायचा. डेटॉल, तुरटीचं पाणी, कुणी सांगितलेला पाला किंवा चूर्ण आत घालू नका. भाजलेल्या कातडीवर ते पडलं की जखम होते आणि दुरुस्ती लांबते. कपडे साबणाने धुऊन उन्हात वाळवायचे, लपवून अंधारात नाही. युरियाचं पोतं काढून टाक, गादी दे, गादीवर प्लास्टिक आणि वर जुन्या लुगड्याची चौघडी टाक. अंगावरून इतकं जात होतं तर रक्त कमी असू शकतं. लोहाच्या गोळ्या आशा ताईंकडून आण आणि जेवणात डाळ, अंडी, हिरवी भाजी, जे घरात जमतं ते रोज असू दे. अशक्त शरीरात टाके धरत नाहीत.

सासूबाईंवर रागावू नकोस, असं मी सांगणार नाही. पण त्यांचं वाक्य कुठून आलं असेल ते सांगते. त्यांच्या तरुणपणी पिशवी काढणं क्वचित होतं, पण अडलेली बाळंतपणं सर्रास होती. मेळघाटात, गडचिरोलीत, झरी-मारेगावच्या पोडांवर, म्हणजे आदिवासी वस्त्यांवर, बाई दिवस-दोन दिवस कळा देत पडायची. बाळाचं डोकं हाडात अडकून लघवीच्या पिशवीला दाबत राहायचं, तिथलं रक्त थांबायचं, आणि मेलेलं बाळ जन्मल्यावर आठवडाभरात बाई गळू लागायची. बाळही गेलं, आणि वर हे. अशा बायांना माहेरी पाठवून दिल्याचं आपल्या आज्यांनी पाहिलेलं आहे. तिला दवाखाना मिळाला नाही म्हणून ती तशी राहिली. सासूबाईंना तेवढंच ठाऊक असेल, तर "असंच होते" हे त्यांना खरंच वाटत असणार.

वैद्यकाला मात्र ही दुरुस्ती दीडशे वर्षांहून जास्त काळ माहीत आहे. अमेरिकेतल्या अलाबामात जेम्स मॅरियन सिम्स नावाच्या डॉक्टरने चांदीच्या तारेच्या टाक्यांनी हे भोक बंद करण्याची पद्धत १८५२ मध्ये छापली. ज्यांच्यावर तो शिकला त्या गुलाम बायका होत्या. अनार्का, बेट्सी आणि ल्यूसी ही तीन नावं राहिली आहेत. भूल न देता, त्यांना नाही म्हणायचा अधिकार नसताना, एकट्या अनार्कावर सुमारे तीस वेळा शस्त्रक्रिया झाली. ही विद्या त्या बायकांच्या अंगावरून आपल्यापर्यंत आली आहे. ती हाताशी असताना आपल्या तालुक्यातली एखादी बाई ओसरीवर पोत्यावर झोपते, हे मला सहन होत नाही. इथिओपियात अदिस अबाबाला १९७४ पासून फक्त याच आजाराचं हॉस्पिटल चालू आहे, आणि २०१३ पासून २३ मे हा दिवस संयुक्त राष्ट्रं बाळंतपणातल्या फिस्टुलासाठी पाळतात. सासूबाईंना हे सगळं सांगायची गरज नाही. त्यांना एवढंच सांग की ही ऑपरेशनची जखम आहे, विटाळ नाही, आणि जखमी माणसाला चुलीपासून दूर ठेवायची रीत कुठल्याच घरात नसते. ऐकल्या तर उत्तम. नाही ऐकल्या तर वाद घालत बसू नकोस, जाऊबाईंचं ताट तू त्यांच्याजवळ घेऊन बस आणि तिथेच दोघी जेवा.

दवाखान्याचं काय करायचं, हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण नागपूरला गेल्यावर कुणीतरी विचारेलच. पिशवी काढण्याच्या ऑपरेशनात फिस्टुला चांगल्या हातूनही होतो. हजारात एखाद-दोन बायांना होतोच. म्हणून फिस्टुला झाला एवढ्यावरून डॉक्टरला दोषी धरता येत नाही. पण लघवी गळते म्हणून बाई दोनदा दारात आली आणि तपासणीच केली नाही, याला माझ्याकडे सबब नाही. आत्ता भांडायची वेळ नाही, कागद मिळवायची आहे. ऑपरेशनच्या नोंदी, भूल दिल्याची नोंद, संमतिपत्र, सगळ्याच्या प्रती लेखी अर्ज करून मागा. अर्जावर पोच घ्या. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्यायच्या, असा डॉक्टरांना नियम आहे. त्या नोंदी नव्या सर्जनला उपयोगी पडतील. पुढे ग्राहक आयोगात जायचं ठरलं तर दोन वर्षांची मुदत असते, तोपर्यंत आधी बाई बरी होऊ दे.

आणि हे वाचणाऱ्या इतर बायांसाठी मध्येच थोडं. छत्तिशी-चाळिशीत अंगावरून जातं म्हणून लगेच पिशवी काढायला होकार देऊ नका. गोळ्या असतात, गर्भपिशवीत बसवायची औषधी तांबी असते, पिशवीच्या अस्तराचा तुकडा काढून तपासता येतो. बिनगरजेच्या पिशव्या काढल्या जाऊ नयेत म्हणून केंद्र सरकारने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, त्या उगाच काढलेल्या नाहीत. दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. काढायचीच ठरली तर सिझर किती झाली ते आधी सांगा, आणि नंतर एकदा जरी विनाकारण कपडा भिजला, तर त्याच आठवड्यात तपासायला जा.

आता भासऱ्यांचं. तू थेट बोलू नकोस, आपल्या घरांत ते अवघड असतं हे मला कळतं, आणि त्यासाठी तुला धीट व्हायला सांगत नाही. तुझ्या नवऱ्याला हे पत्र दाखव. त्याने मोठ्या भावाला बाहेर, शेतावर गाठून सांगावं: "दादा, वहिनीच्या किडनीला धोका असू शकतो. ही पिशवी काढल्यावरची कमजोरी नाही, आत भोक आहे. ते दुरुस्त होतं, पण याच आठवड्यात दाखवावं लागते." किडनी हा शब्द आधी वापरा. बायांच्या जागेचं दुखणं म्हटलं की पुरुष मान फिरवतात, किडनी म्हटलं की गाडी काढतात. मला हे आवडत नाही, पण आत्ता उपयोगी आहे. वेचणीला आठ दिवस मजूर कमी पडले तर कापूस झाडावर थोडा थांबेल, आणि बचत गटातल्या बाया एक दिवस सावड करून द्यायला तयार होतील. तू विचारून तर बघ. जाऊबाईंबद्दल त्यांना किती सांगायचं ते मात्र जाऊबाईंनाच ठरवू दे.

निघायच्या आधी रेशनकार्डावर जाऊबाईंचं नाव आहे का ते उघडून पाहा. लग्नानंतर नाव चढवायचं राहून जातं आणि ते नेमकं हॉस्पिटलच्या टेबलावर कळतं. नाव नसेल, किंवा आधारवर माहेरचं नाव असेल, तर १५५३८८ या योजनेच्या फोनवर आधीच विचार की कोणता कागद चालेल, आणि तो घेऊनच निघा.